मागचा ब्रेक, आमचे घाट आणि आमची माणसं



आपल्या बेळगावातून समुद्राकडं जायचं म्हणजे उतरायचं. शहर वसलंय समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आणि गोवा, सावंतवाडी, वेंगुर्लं सगळं खाली. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट, खानापूर, लोंढ्याकडून अनमोड घाट, चंदगडकडून तिलारी, आणि सावंतवाडीला जायला आंबोली. आपल्यातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत गोव्यात, कुणाची सून वाडीची, कुणाची लेक डिचोलीला दिलेली. त्यामुळं देवाला, लग्नाला, बाराव्याला घाट उतरणं आणि चढणं हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नशिबातच आहे. रस्त्यांवर, घाटांवर आपण पुष्कळ लिहितो. ज्याच्या भरवशावर आपली माणसं खाली उतरून सुखरूप परत आली, त्या ब्रेकवर, त्यातही मागच्या ब्रेकवर कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. म्हणून ही मोठी पोस्ट. चहा घेऊन बसा.

सुरुवात सायकलपासून करूया, कारण तिचं आपल्या गावाशी नातं जुनं आहे. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालची मानतात, आणि ती झाली लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. पुढं १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि कारखाना तिकडं गेला, पण गावात किर्लोस्कर रोड अजून आहे. त्या काळच्या सायकलींना बहुधा एकच ब्रेक असायचा. हँडलवरचा दांडा दाबला की चमच्यासारखी एक पट्टी पुढच्या टायरवर घासायची. उतारावर जोरात दाबली तर स्वार हँडलवरून पुढं. मागच्या चाकाला ब्रेक नंतर आला. आपल्या आजोबा-वडिलांच्या काळ्या सायकलींना, हर्क्युलस म्हणा, रॅले म्हणा, दोन्ही चाकांना सळ्यांचे ब्रेक होते. दोन्ही मुठींखाली दोन दांडे, रिमला आतून घासणारी रबरं.

ती रबरं झिजली की पोरं काय करायची ते आठवतंय ना? मागच्या चाकावर चप्पल टेकवायची! कपिलेश्वरच्या उतारावरून येताना पाय मागं घेऊन टायरवर तळवा दाबायचा. चपला झिजायच्या आणि घरी मार बसायचा. पण एक गोष्ट बघा, चप्पल मागच्याच चाकावर टेकवायची हे शिकवायला कुणी मास्तर आला नव्हता. पुढच्या चाकाला पाय लावला की तोंडावर आपटतो हे एकदा आपटलं की कळायचं. आमच्या गल्लीतले एक सायकलवाले पंप मारता मारता म्हणायचे, "मागचा सोडून पुढचाच दाबूलालास काय रे? दात हाताला येतील की!"

आता मोटारीकडं या. गंमत म्हणजे वर्ष तेच, १८८८. जर्मनीत कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यांनीच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत डोंगराळ रस्ता, उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तिनं एका चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं मारून घेतलं. ब्रेकला लायनर लावायची सुरुवात तिथूनच झाली असं मोटारीचा इतिहास लिहिणारे सांगतात. ते ठोकळे होते मागच्या चाकांवर. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासात ब्रेकनं दगा दिला तो उतारावर, आणि माहेरी पोचवलं ते मागच्या चाकावरच्या चामड्यानं.

त्यानंतरची पुष्कळ वर्षं मोटारींना ब्रेक म्हणजे मागचाच. पुढची चाकं वळतात, त्यांच्यापर्यंत सळ्या-तारा नेणं किचकट. शिवाय पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग हातचं जाईल ही भीती. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी १९०८ ते १९२७ पर्यंत बनत होती. तिचा पायातला ब्रेक गिअरबॉक्सला आवळायचा आणि हाताचा दांडा मागच्या चाकांचे ब्रेक लावायचा. पुढच्या चाकांना काहीच नाही. १९२१ साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आले आणि त्या दशकात हळूहळू सगळीकडं पसरले. तेव्हा इंग्लंडात चार ब्रेकवाल्या गाड्यांच्या मागं लाल त्रिकोण लावायची पद्धत होती. मतलब, "बाबा, ही गाडी तुझ्यापेक्षा लवकर थांबते, अंतर ठेव."

पुढचे ब्रेक आले आणि मागच्याची किंमत उतरली. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं, नाक खाली जातं, पुढची चाकं रस्त्याला घट्ट धरतात आणि मागची हलकी होतात. त्यामुळं थांबवायचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात. कारमध्ये ढोबळमानानं दोन-तृतीयांश, बाइकला कोरड्या रस्त्यावर त्याहून जास्त. हे खरंच आहे. पण त्यावरून लोकांनी असा अर्थ काढला की मागचा नसला तरी चालतंय. आपल्याकडची बरीच माणसं या एका वाक्यापायी गेली आहेत.

याचा धडा आधी शिकली ती रेल्वे. आपल्या शेजारीच बघा. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट. १८८०च्या दशकात मुरगाव बंदरापर्यंत लाइन झाली ती या घाटातून, दूधसागरच्या धबधब्याला वळसा घालून. चढ ३७ला एक, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. आजही तिथं गाडीला जादा इंजिनं लागतात आणि उतरताना वेग बांधलेला असतो. जुन्या गाड्यांत शेवटचा डबा गार्डचा, आणि त्यात हातानं फिरवायच्या चाकाचा ब्रेक. घाट चढताना मधेच कपलिंग तुटलं तर पुढचं इंजिन मागच्या डब्यांसाठी निरुपयोगी. त्या डब्यांना धरून ठेवणारा एकच, शेवटचा ब्रेक.

तो कमी पडला तर काय होतं हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ दिसलं. रविवारच्या शाळेच्या सहलीची गाडी, पोरांनी खचाखच भरलेली. चढावर इंजिन दमलं. मग गाडी तोडून अर्धी पुढं नेऊन ठेवायची, मग उरलेली न्यायची असं ठरलं. मागचे डबे फक्त गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर उभे राहिले. पुढचा भाग निघताना किंचित मागं सरकला, धक्का बसला, दगडांचा भुगा झाला आणि मागचे डबे उतारावरून सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं मेली, त्यांत पुष्कळ मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला की प्रवासी गाडीच्या सगळ्या डब्यांना सलग ब्रेक पाहिजे आणि गाडी तुटली तर तो आपोआप लागला पाहिजे. असा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्येच तयार केला होता. ८० जीव जाईपर्यंत तो सक्तीचा झाला नव्हता.

या पेजवर इंदूरची मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना पाताळपाणी-कालाकुंडचा घाट सांगायला नको. महूहून खंडव्याकडं उतरणाऱ्या मीटरगेजच्या गाड्या पाताळपाणीला थांबायच्या. लोक म्हणतात, तंट्या मामाला सलामी द्यायला. १८८९ साली इंग्रजांनी तंट्या भिल्लाला जबलपूरला फाशी दिली, त्याचं स्थान तिथं आहे. रेल्वेवाले म्हणतात, उताराआधी ब्रेक तपासायला. मला विचाराल तर दोन्ही खरं धरावं. घाट उतरण्याआधी थांबायचं, हात जोडायचे आणि ब्रेक बघायचा. आपल्या कारनं जाताना आपण यातलं पहिलं करतो. घाटाच्या तोंडाशी देवाला नारळ फोडतो. दुसरं मात्र विसरतो.

आता आपल्या घरातल्या वाहनांकडं येऊया. १९७२ला बजाजची चेतक आली आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून लोकांनी ती घेतली. उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, उजव्या हाताला पुढचा. पुढचा तसा कमजोरच, त्यामुळं सगळा संसार उजव्या पायावर. नवरा, बायको, पुढं उभं पोर, मधे बसलेलं दुसरं, आणि पायाशी पिशवी. हे सगळं वजन मागं. मागं वजन असलं की मागचं चाक रस्ता धरतं आणि मागच्या ब्रेकचं काम वाढतं. पेट्रोल वाचवायला कित्येकजण घाट न्यूट्रलमध्ये उतरायचे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं, त्यामुळं गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर बंद करून लांब उतरलं तर इंजिनला ऑइल कमी पडून ते जाम व्हायची भीती. म्हणून जाणती माणसं गिअर ठेवून मधूनमधून थोडी रेस द्यायची. आणि मागचा लाल दिवा पेटायचा तोही पायाच्या ब्रेकवर. पायाचा ब्रेक सैल असला तर मागच्या लॉरीवाल्याला तुम्ही थांबताय हेसुद्धा कळायचं नाही.

लॉरी आणि एसटीच्या ड्रायव्हरांचा नियम पक्का होता. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. चढावर गाडी बंद पडली की किन्नर उडी मारून मागच्या चाकाला ठोकळा लावणार. (आणि गाडी निघाल्यावर दगड रस्त्यातच टाकून जाणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.)

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. १९७८चा मे महिना. माझ्या मोठ्या मामांच्या मित्राच्या मुलाचं लग्न सावंतवाडीला. वऱ्हाडाची एक एसटी पुढं गेली आणि घरचे सातजण भाड्याच्या जीपनं निघाले. आदल्या दिवशी जीपच्या मागच्या एका चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं. त्या काळच्या जीपला सगळ्या चाकांना मिळून एकच लाइन. एका चाकाला गळती लागली की चारही ब्रेक जायचे, पाय थेट खाली. व्हील सिलिंडर बदलायला हवा होता, पण सामान मिळेना आणि लग्नाची घाई. मिस्त्रीनं मागं जाणारी नळी ठोकून बंद केली. गळती थांबली. पायाला ब्रेक कडक लागायला लागला. "पुढचे दोन चांगले हायत, बिनघोर जावा," म्हणाला.

फसवणूक इथंच होते, मंडळी. पायाला ब्रेक कडक लागतो म्हणून सगळ्यांना वाटतं ब्रेक आहे. सपाटीवर, आंबोलीपर्यंत, गाडी नीट थांबत होती. घाटात अर्ध्या वाटेवर पुढच्या चाकांतून जळका वास यायला लागला आणि दोन वळणांनंतर पाय आत जाऊनही गाडी थांबेना. जीपचा हँडब्रेक मागच्या शाफ्टवर असायचा, तो ओढला, गाडी थोडी दबली, बस्स. ड्रायव्हर शहाणा, त्यानं दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घासत गटारात घातली. सहाजण वाचले. नवऱ्या मुलाचे चुलते गेले. मामांचा पाय मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. त्यानंतर तीस वर्षं मामा पंगतीत मांडी घालून बसले नाहीत, खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसायचे. लग्न दुसऱ्या दिवशी लागलं, वाजंत्री नाही, काही नाही. त्या घरात आजही लग्नाचा वाढदिवस करत नाहीत.

हे का झालं याचा हिशोब सोपा आहे. दीड टनाची गाडी ७०० मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्यात सुमारे ३० लिटर गार पाणी उकळेल. न्हाणीघरातला मोठा बंब भरून पाणी! यातली काही उष्णता इंजिन आणि वारा घेतो, पण तुम्ही न्यूट्रलमध्ये उतरलात तर बहुतेक सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. ती चार चाकांत वाटली तर ठीक. दोनच चाकांवर टाकली तर बिडाचा ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यानं हवेतलं पाणी शोषलेलं असतं, ते उकळून बुडबुडे होतात, आणि पाय बुडबुड्यांवर पडतो.

दुसरा हिशोब थांबण्याचा. ६० च्या वेगातली कार कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरांत थांबते. मागच्या ब्रेकचा एक-तृतीयांश वाटा गेला आणि पुढच्यानं तेवढाच जोर लावला तर तेच अंतर ३० मीटर होतं. हे जादा दहा मीटर म्हणजे एका एसटीच्या लांबीएवढे. चोर्ल्याच्या वळणावर एवढी जागा कुठून आणणार?

तिसरी गोष्ट पावसाची. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कणकुंबीला काय पडतो ते सांगायला नको. ओल्या, शेवाळलेल्या, खडी पसरलेल्या वळणावर दुचाकीचा पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचं चाक घसरतं आणि माणूस सावरायच्या आत जमिनीवर. तिथं गाडी कह्यात ठेवतो तो हलक्या पायानं लावलेला मागचा. मात्र मागचाही दाबून जाम करायचा नाही, नाहीतर शेपूट बाजूला फिरतं. कारमध्ये मागचा एक ब्रेक लागतो आणि दुसरा नाही असं असेल तर गाडी एका बाजूला ओढते. म्हणजे मागचा ब्रेक नुसता असून भागत नाही, दोन्हीकडं सारखा आणि अंगाबाहेर न जाणारा पाहिजे. शिवाय चढावर कार उभी करताना जो हँडब्रेक ओढतो, तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर चालतो. मागचे लायनर संपले की हँडब्रेकही गेला.

सरकारलाही हे पटलेलं दिसतं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोडब्रेक किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला. जोडब्रेक म्हणजे मागचा दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. शंभर-सव्वाशे वर्षं पुढचा मोठा की मागचा हा वाद चालला आणि शेवटी दोघांना एका तारेत बांधलं. पण जोडब्रेक असला तरी झिजलेले लायनर तो नवे करून देत नाही.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण सांगतो. आता पाऊस सुरू झाला की आपली पोरं शनिवार-रविवार धबधबे बघायला घाटात जातात. स्कूटरवर ट्रिपल सीट, आणि गिअर नसलेली स्कूटर, म्हणजे खालचा गिअर टाकून उतरायची सोय नाही. सगळा भार ब्रेकवर. डिस्क पुढं दिसते, चकचकीत असते, तिच्याबद्दल पोरं बोलतात. मागचा ड्रम झाकलेला, आत लायनर किती उरले कुणी बघत नाही. वाजायला लागला की बघू म्हणतात.

तर एवढं करा. घाटाला जायच्या आधी मागचं चाक काढून लायनर बघायला सांगा, आपण तिथं उभं राहून बघा. कारचं ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. मागं गळती असेल तर "तात्पुरतं बंद करून देतो" असं कुणी म्हणालं तर गाडी तिथंच ठेवून एसटीनं जा. उतारावर खालचा गिअर ठेवा, ब्रेक धरून बसू नका, लावा आणि सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, चाकांवर पाणी ओतू नका, आपोआप गार होऊ द्या. लग्नाला अर्धा तास उशीर झाला तरी चालतो. मुहूर्त चुकला तर भटजी दुसरा काढून देतात.

इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा, जिथं कुठं आपली मंडळी आहेत, त्यांच्याही घरात घाटाच्या, टांग्याच्या, जुन्या मोटारींच्या आठवणी असतील. मानपूरचा घाट उतरलेले आजोबा असतील, मडगावहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वेनं आलेली आजी असेल. त्या लिहा. आणि घरातली किल्ली ज्या पोराच्या हातात आहे, त्याला ही पोस्ट वाचायला द्या. सगळी नाही वाचली तरी चालेल, जीपचा भाग तेवढा वाचायला सांगा.